छोट्या स्कॉटिश क्लबचा घरचा सामना: गुरुवारपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत

स्कॉटलंडमध्ये एसपीएफएल या व्यावसायिक लीगचे ४२ क्लब आहेत. त्यांच्या खाली हायलँड लीग आणि लोलँड लीग, आणि त्याही खाली वेस्ट ऑफ स्कॉटलंड, ईस्ट ऑफ स्कॉटलंड, साउथ ऑफ स्कॉटलंड, मिडलँड्स अशा प्रादेशिक लीग. हा मजकूर या शेवटच्या पायरीवरच्या क्लबांसाठी आहे. एकेकाळच्या खाणीच्या गावातलं एक मैदान, एका बाजूला पत्र्याचं छप्पर, कोपऱ्यात पाय (इंग्रजी ‘pie’, म्हणजे पिठाच्या कवचात खिमा भरून भाजलेला पदार्थ) विकायची खोली आणि सगळं ओढणारी सहा-सात माणसं, एवढाच त्यांचा पसारा असतो. यांतल्या बऱ्याच क्लबांना अजून ‘ज्युनियर’ म्हणतात. त्याचा वयाशी काही संबंध नाही. ज्युनियर फुटबॉलची संघटना १८८६ची आहे आणि त्या नावाखाली चांगले दणकट गडी खेळत आले आहेत. २३ जानेवारी २०२३ला सहाव्या पायरीवरच्या डार्व्हेलने स्कॉटिश कपमध्ये सगळ्यात वरच्या पायरीवरच्या, प्रीमियरशिपमधल्या ॲबर्डीनला १-० हरवलं, तेही अशाच एका गावच्या मैदानावर.

तुम्ही नुकतेच कमिटीत आला असाल आणि घरच्या सामन्याची जबाबदारी गळ्यात पडली असेल, तर एक गोष्ट आधीच समजून घ्या. शनिवारी तीन वाजता जे बिघडतं, त्याचं मूळ बहुधा शुक्रवारी राहून गेलेल्या कामात असतं.

कागद आधी

कागदपत्रं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, म्हणून ते गुरुवारीच उरका. कोण नोंदणीकृत आहे, कोणावर बंदी आहे, कोणाची पिवळी कार्डं साठली आहेत, हे सेक्रेटरीने लीगच्या नोंदीत स्वतः डोळ्यांनी पाहायचं. मॅनेजरच्या आठवणीवर विसंबू नका. त्याच्या डोक्यात फक्त डावा बॅक असतो. २०११ साली स्पार्टन्स हा एडिनबरोचा क्लब स्कॉटिश कपचा सामना जिंकूनही स्पर्धेबाहेर गेला. एका खेळाडूच्या नोंदणीच्या फॉर्मवर तारीख दोन ठिकाणी लिहायची होती, ती एकाच ठिकाणी लिहिलेली होती. हरलेला कल्टर पुढच्या फेरीत गेला.

संघाच्या यादीला इथे टीमलाइन्स म्हणतात. नावं आणि जर्सीचे नंबर जुळतात का, हे जर्सी हुकांवर टांगल्यानंतर एकदा यादी हातात घेऊन पाहा. आयत्या वेळी गोलकीपर बदलला की नेमकं इथेच चुकतं. यादीत कधी ‘ए. ट्रायलिस्ट’ असं नाव दिसेल. करार न झालेल्या, चाचणीवर खेळणाऱ्या खेळाडूसाठी ही स्कॉटलंडची जुनी पद्धत आहे. तो त्या स्पर्धेत चालतो का, हे स्पर्धेच्या नियमावलीत पाहिल्याशिवाय त्याला उतरवू नका.

मैदान आखणं

गवत गुरुवारी कापा. उंची २५ ते ३० मिलिमीटर ठेवा. हिवाळ्यात याहून खाली गेलात तर फेब्रुवारीत गोलसमोर नुसता चिखल उरतो.

आखणी शुक्रवारी, गवत कोरडं असताना करा. ओल्या पात्यावर रंग पसरतो आणि रेषेला मिशा फुटतात. चुन्याची फक्की वापरू नका. ओल्या अंगाला चुना लागला की कातडी भाजते, आणि चिखलात घसरत टॅकल करणाऱ्याचं अंग ओलंच असतं. तणनाशक मारून रेषा जाळायची जुनी युक्तीही सोडून द्या; ती पट्टी पुढे चर होऊन बसते. खेळाच्या मैदानासाठीच मिळणारा पाण्यात मिसळायचा पांढरा रंग घ्या.

रंग किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. १०० बाय ६४ मीटरच्या मैदानावर कडा, मधली रेषा, वर्तुळ, दोन्हीकडच्या पेनल्टी आणि गोल एरिया, त्यांच्या कमानी आणि चार कोपरे मिळून रेषांची लांबी सुमारे ६९५ मीटर होते. १० सेंटिमीटर रुंदीने म्हणजे जवळपास ७० चौरस मीटर. डब्यावर दर चौरस मीटरचा जो आकडा असेल त्याने गुणा आणि वर थोडा जास्त धरा. रेषेची रुंदी १२ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि गोलरेषा गोलपोस्टच्या जाडीइतकीच असावी लागते.

सीझनच्या सुरुवातीला चारही कोपऱ्यांत जमिनीखाली खुंट्या ठोकून ठेवा, म्हणजे दर आठवड्याला मापं काढावी लागत नाहीत. कोपरा काटकोनात आहे का, हे ३-४-५ मीटरच्या त्रिकोणाने पाहा, पण खरी परीक्षा कर्णांची. १०० बाय ६४ला दोन्ही कर्ण ११८.७३ मीटर यायला हवेत. एक कर्ण अर्धा मीटर जास्त आला तर मैदान तिरकं आहे, आणि मग पेनल्टी एरियासुद्धा तिरकाच निघतो. दोरी ताणल्याशिवाय मशीन ढकलू नका. ‘जुनी रेषा दिसतेय की’ म्हणून तिच्यावरून गेलात तर दर आठवड्याला बोटभर सरकत ख्रिसमसपर्यंत रेषेचा साप होतो.

बाकी मापं: पेनल्टी एरिया १६.५ मीटर, गोल एरिया ५.५, पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११, वर्तुळाची त्रिज्या ९.१५, कोपऱ्याची कमान १ मीटर, आणि झेंड्याची काठी किमान १.५ मीटर उंच.

गोलचं माप काढताना आडव्या दांड्याच्या मध्याखाली काढा. तिथे जमिनीपासून दांड्याच्या खालच्या कडेपर्यंत २.४४ मीटर हवेत. गोलकीपर जिथे उभा राहतो तिथली माती झिजून खळगा पडतो, त्यामुळे दांडा जागेवर असूनही गोल उंच होतो. दांड्याला दोष देऊ नका. माती भरा, धुमसा, आणि मग पुन्हा मोजा. जाळी प्लास्टिकच्या क्लिपांनी अडकवा. उघडे लोखंडी हूक बोटं फाडतात.

गोठण आणि पाणी

डिसेंबर-जानेवारीत सामना होणार की नाही, हे बहुतेक वेळा मैदानाची एक पट्टी ठरवते. ग्लासगोच्या अक्षांशावर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर येतो. दक्षिणेला ३ मीटर उंचीची भिंत किंवा छप्पर असेल तर त्याची सावली दुपारी बारा वाजताही सुमारे १६ मीटर आत, म्हणजे मैदानाच्या एक चतुर्थांश रुंदीपर्यंत पडते. उरलेलं मैदान हिरवंगार आणि मऊ असतं, पण ही पट्टी सकाळी असते तशीच दुपारी राहते. म्हणून रेफरीला दाखवायच्या आधी तुम्ही स्वतः तिथेच जा. स्टडचे, म्हणजे तळाला खुंट्या असलेले, बूट घाला आणि टाच जोरात दाबा. स्टड आत गेला तर ठीक. टक्क आवाज आला आणि नुसता ओरखडा उमटला तर जमीन गोठलेली आहे. वरचा इंचभर भाग वितळलेला आणि खाली दगड, ही अवस्था सगळ्यात वाईट. पाहायला छान, पण पाय रुततो आणि खालून सरकतो. गुडघे इथेच जातात.

गोठलेल्या गवतावर विनाकारण फिरू नका. पात्यांतलं पाणी बर्फ झालेलं असतं, पावलाखाली पाती मोडतात आणि दोन दिवसांनी काळ्या पावलांचे ठसे उमटतात. मीठ टाकायचा विचारही करू नका, गवत मरतं. थंडीच्या चादरी असतील तर त्या गोठण्याआधी, आदल्या दुपारी घाला. गोठल्यावर घातलेली चादर थंडी आतच कोंडून ठेवते.

पाण्याचं निदान वेगळं. डबक्यापाशी कमरेच्या उंचीवरून चेंडू टाका, मग जमिनीवरून ढकला. उसळला नाही आणि घरंगळताना थांबला तर तिथे खेळ होणार नाही. बागकामाचा काट्यांचा फावडा १० ते १५ सेंटिमीटर खोल घालून किंचित मागे वाकवा आणि काढा, दर हातभर अंतरावर. पाणी खाली जायला अर्धा-पाऊण तास द्या. डबक्यावर नुसती वाळू ओतू नका. ती वर थर धरून बसते, आणि पुढच्या पावसात पाणी तिच्यावरच साचतं. वाळू टाकायची तर आधी काट्याने भोकं पाडा आणि झाडूने भोकांत ढकला.

शंका असेल तर सकाळी लवकर जवळच्या रेफरीकडून पाहणी करून घ्या. पाहुण्या संघाची बस निघायच्या आधी निर्णय व्हायला हवा. त्यांना लागणारा वेळ उलटा मोजा आणि वर तासभर धरा. पाहुण्यांच्या सेक्रेटरीला फोन करा, नुसता मेसेज नको. मग लीग, रेफरी आणि बेकरी. बेकरीला विसरलात तर ६० पाय घेऊन बसाल.

वेळ, दिवे, चेंडू

फ्लडलाइट नसतील तर डिसेंबरात तीनचा सामना विसरा. ग्लासगोत सूर्य पावणेचारच्या आत-बाहेर मावळतो. दोन हाफ, १५ मिनिटांची विश्रांती आणि जादा वेळ मिळून सामना १ तास ५० मिनिटं खातो. दोनला सुरू केलात तर शेवटची मिनिटं मावळत्या उजेडात जातात. दीडला सुरू करा.

फ्लडलाइट असतील तर वेगळी काळजी घ्यावी लागते. जुने मेटल हॅलाइड दिवे एकदा बंद पडले की गरम असताना पुन्हा पेटत नाहीत. थंड होऊन पूर्ण उजेड यायला १० ते १५ मिनिटं लागतात. म्हणून त्यांची वायरिंग स्वयंपाकाच्या खोलीपासून वेगळी ठेवा. कारण खाली येतंच.

चेंडूचा दाब ०.६ ते १.१ ॲटमॉस्फिअरमध्ये हवा. उबदार खोलीत ०.८ भरलेला चेंडू २ अंशांच्या थंडीत सुमारे ०.७वर येतो, तेव्हा थोडा वरच भरा किंवा बाहेर नेऊन पुन्हा मोजा. किमान चार चेंडू तयार ठेवा. भिंतीपलीकडे ओढा असेल तर लांब दांड्याची जाळीही ठेवा, आणि ती कोणाच्या हातात असेल हे आधीच ठरवा.

फाटक

तिकीट ८ पौंड धरलं तर सगळ्यात जास्त लागतं २ पौंडांचं नाणं, कारण लोक दहाची नोट देतात. १०० पौंडांची सुट्टी अशी करा: २ पौंडांची ३० नाणी, १ पौंडाची २० आणि पाचच्या ४ नोटा. स्कॉटलंडमध्ये तीन बँका स्वतःच्या नोटा काढतात, त्यांशिवाय बँक ऑफ इंग्लंडच्याही येतात. चारही घ्या, पण कागदी नोट घेऊ नका. त्या चलनातून गेल्या, आता प्लास्टिकच्याच. कार्डाचं मशीन दगडी भिंतीआड सिग्नल सोडतं. ते शुक्रवारी फाटकावरच उभं राहून तपासा, ऑफिसात नव्हे.

हातातल्या मोजणी-यंत्राने माणसं मोजा, मुलं वेगळी. शेवटी माणसं आणि पैसे जुळले पाहिजेत. पूर्वी पोरं मोठ्यांना ‘लिफ्ट ओव्हर’ मागायची, म्हणजे फिरत्या फाटकावरून उचलून आत घ्या. आज बहुतेक छोटे क्लब मुलांना मोठ्यांबरोबर फुकट सोडतात. तरीही त्यांची मोजणी ठेवा. उद्या काउन्सिलकडे, म्हणजे स्थानिक सरकारकडे, अनुदान मागताना तोच आकडा विचारतात.

पायची खोली

फाटकाचे पैसे रेफरीच्या मानधनात, विजेत आणि धुलाईत जातात. हातात काही उरलं तर ते इथून. म्हणून सगळ्यात व्यवस्थित माणूस इथे ठेवा.

अन्न विकायला सुरुवात करण्याच्या किमान २८ दिवस आधी स्थानिक काउन्सिलकडे नोंदणी करावी लागते. ती फुकट असते. स्कॉच पाय म्हणजे तळहाताएवढी गोल पाय. कवच गरम पाण्यात मळलेल्या पिठाचं, आत मिरी घातलेला मटणाचा खिमा. वरचं झाकण कडेपेक्षा थोडं खाली बसवलेलं असतं, त्या खळग्यात ग्रेव्ही किंवा ब्राऊन सॉस घालतात. बेकरीतून ती भाजून, गार होऊन येते, म्हणजे तुम्ही करता ते पुन्हा गरम करणं. आणि स्कॉटलंडच्या नियमाने पुन्हा गरम केलेल्या पदार्थाचं तापमान ८२ अंश सेल्सिअसपर्यंत जावं लागतं. इंग्लंडमधून आलेले स्वयंसेवक ७५ म्हणतील; इथे ८२च. त्यानंतर गरम पेटीत ६३च्या खाली जाऊ देऊ नका.

थर्मामीटरची सुई झाकणावरच्या भोकातून खिम्याच्या मध्यापर्यंत घाला. कवचाला किंवा ट्रेला टेकली तर खोटा आकडा दाखवते. ट्रेच्या मधली पाय मोजा, कडेची नाही. कडेच्या आधी तापतात. आकडा वहीत वेळेसह लिहा. थर्मामीटर उकळत्या पाण्यात १०० आणि बर्फाच्या पाण्यात ० दाखवतो का, हे अधूनमधून पाहा. ओव्हन १८०वर आधी तापवून घ्या आणि २० ते २५ मिनिटं धरा. ओव्हन गच्च भरलात तर जास्त लागतील, कारण हवा फिरायला जागाच नसते. गरम पेटीत पाण्याची थाळी ठेवा, नाहीतर तासाभरात कवचाचा पत्रा होतो.

सगळ्या पाय एकदम तापवू नका. तीनचा सामना असेल तर पहिली खेप अडीचला बाहेर, दुसरी पावणेचारला. मध्यंतर १५ मिनिटांचं असतं. एका माणसाला २० सेकंद लागले तर एका खिडकीतून त्या वेळात ४५ माणसं होतात. सेहेचाळिसावा थंडीत उभा राहून जागेवर परत जातो, आणि तुमचे पैसे त्याच्या खिशातच राहतात. म्हणून एकाने फक्त पैसे घ्यायचे, दुसऱ्याने फक्त पदार्थ द्यायचा. पैसे घेतलेला हात पायला लावायचा नाही, हेही त्यातच साधतं.

किती मागवायच्या? शंभर माणसांमागे चाळीसने सुरुवात करा आणि दर वेळी वहीत तीन गोष्टी टिपा: माणसं, हवा, उरलेल्या पाय. थंड कोरड्या दिवशी जास्त जातात. धो-धो पावसात माणसंच कमी येतात, पण आलेली दोन-दोन खातात. चार-पाच सामन्यांनंतर तुमचा स्वतःचा आकडा सापडतो. १४ ॲलर्जीकारक पदार्थांचा तक्ता खिडकीजवळ लावा. पायच्या पिठात गहू आहेच, बाकी बेकरीकडून लिहून घ्या.

बोव्हरिल, म्हणजे बीफचा तो काळा अर्क, वेगळ्या भांड्यात करा. चहाच्या उकळत्या टाकीत एकदा घातलात की पुढचे चार सामने चहाला गुरांचा वास येतो. टाकी फक्त पाण्यासाठी. २० लिटरच्या टाकीतून पाव लिटरचे ८० कप निघतात, आणि ती उकळायला पाऊण-एक तास लागतो. म्हणून दीडला चालू करा.

आता ती विजेची गोष्ट. ३ किलोवॉटची एक टाकी १३ अँपिअर ओढते. दोन टाक्या आणि २ किलोवॉटची पायची पेटी मिळून ८ किलोवॉट, म्हणजे सुमारे ३५ अँपिअर. खोलीतलं सर्किट ३२चं असतं. पहिल्या हाफमध्ये टाकी उकळून शांत असते म्हणून काही होत नाही. मध्यंतरात गार पाणी भरलं की तिन्ही एकदम ओढायला लागतात आणि ब्रेकर पडू शकतो. फ्लडलाइट त्याच ब्रेकरवर असतील तर मैदानही काळोखात. दुसरी टाकी वेगळ्या सर्किटवर ठेवा, किंवा एका टाकीत गार पाणी मध्यंतराच्या २० मिनिटं आधीच भरा.

दारूचं थोडक्यात: १९८०च्या स्कॉटिश कप फायनलनंतर ग्लासगोच्या हॅम्पडेन मैदानावर दंगल झाली आणि कायद्याने ठरवलेल्या मैदानांवर प्रेक्षकांसाठी दारू बंद झाली. सोशल क्लबचा परवाना त्या चार भिंतींपुरता समजा. ग्लास घेऊन कोणी कठड्यापाशी आला तर प्रश्न तुमच्या परवान्याचा होतो.

मध्यंतराची सोडत

सामन्यातच तिकिटं विकून काढलेल्या सोडतीला परवाना लागत नाही. पण जमलेल्या पैशातून खर्चापोटी १०० पौंडांपेक्षा आणि बक्षिसापोटी ५०० पौंडांपेक्षा जास्त काढता येत नाही, आणि बक्षीस पुढच्या सामन्यावर ढकलता येत नाही. आठवडाभर गावात तिकिटं विकायची असतील तर काउन्सिलकडे छोट्या संस्थेची लॉटरी म्हणून नोंदणी करा. तिथे किमान २० टक्के रक्कम क्लबच्या कामासाठीच गेली पाहिजे.

ड्रेसिंग रूम आणि दुखापत

रेफरीची खोली गरम, पाणी भरलेलं, मानधन पाकिटात मोजून तयार. पाहुण्यांचे शॉवर आधी चालू करून पाहा. गार पाण्याची बातमी लीगभर पसरते. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाची पीव्हीजी योजनेतली, म्हणजे मुलांच्या आणि असुरक्षित प्रौढांच्या संरक्षणासाठीच्या सरकारी योजनेतली, नोंद हवी. १ एप्रिल २०२५पासून अशा भूमिकांसाठी ती कायद्यानेच सक्तीची आहे.

डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, कुलपात ठेवू नका. त्याच्या पॅडवर मुदतीची तारीख असते, ती वाचा. ॲम्ब्युलन्सच्या फाटकासमोर कोणाची गाडी लागणार नाही याला एक माणूस नेमा. डोक्याला मार लागला आणि जराही शंका आली तर खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत नाही. मेंदूला धक्का (कन्कशन) बसल्याचं निश्चित झालं तर स्पर्धेत परतायला किमान २१ दिवस. मॅनेजर वाद घालेल, घालू दे.

शेवटची शिट्टी झाल्यावर

उखडलेले गवताचे तुकडे तासाभराच्या आत जागेवर बसवा. काट्याने खालची माती सैल करा, तुकडा ठेवा, पायाने दाबा. सोमवारपर्यंत ते सुकलेले असतात आणि खड्डा कायमचा होतो. चार माणसांना अर्धा तास पुरतो.

जर्सी आधी गार पाण्यात खळबळा, चिखल गेला की ३० अंशांवर धुवा. गरम पाण्यात चिखल धाग्यात बसतो. उलट्या करून वाळवा. ड्रायरमध्ये नंबर सोलतात. आखणीच्या मशीनमधून स्वच्छ पाणी फिरवा, तोंडात सुकलेला रंग पुढच्या शुक्रवारी दोन तास खातो.

पैसे दोघांनी मिळून मोजा, दोघांनी सही करा, आणि पुढच्या सामन्याची १०० पौंडांची सुट्टी तिथेच वेगळ्या पिशवीत घाला. मग एकदा मैदानावर जा आणि गोलच्या जाळ्यांची खालची कड उचलून वर बांधा. जमिनीवर लोळणारी जाळी गवत कापायच्या मशीनमध्ये जाते, आणि रात्री एखादा कोल्हा किंवा हेजहॉग तीत अडकतो.